आधी त्याला बोलू दे

सर्व्हर पडला की बाईंचा हात आधी बटणावर जायचा. बटण दाबायला नाही, झाकायला. उघड्या ताटावर माशी बसू नये म्हणून आपण हात धरतो, तसा तळहात त्या बटणावर धरून त्या रॅकसमोर उभ्या राहायच्या आणि दारात जमलेल्या गर्दीला सांगायच्या, "आदी त्याला बोलू दे."

त्याला म्हणजे सर्व्हरला.

गर्दीत माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचची माणसं असत, लॅबमधल्या मुली असत, गेटवरून धावत आलेला एखादा ट्रकवाला असे. "मॅडम, गाडी कब छूटेगी?" हा त्याचा प्रश्न ठरलेला. आमच्या कंपनीत मॅडम पुष्कळ होत्या. बाई मात्र एकच. मराठी माणसं त्यांना बाई म्हणायची आणि हिंदी बोलणारी मॅडम. त्यांना स्वतःला काय आवडायचं ते कधी कळलं नाही, कारण दोघांनाही त्या सारख्याच फटकळपणे उत्तर द्यायच्या.

कंपनी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली, कापडाचे रंग बनवणारी. आमच्या गेटबाहेरच्या गटारावरून आज कुठला रंग चाललाय ते ओळखता यायचं, इतकी साधी ओळख पुरे. मी पालघरचा. कॉम्प्युटरच्या खोलीत बाईंच्या हाताखाली लागलो आणि तिथेच मुरलो. स्वभावाने मी रीस्टार्टवाला माणूस. पंखा अडला, बंद करून चालू कर. मोबाईल अडला, बंद करून चालू कर. बायकोशी भांडण झालं तरी माझं धोरण तेच असतं, झोपायचं आणि सकाळी काही झालंच नाही असं उठायचं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव घाईवाला ठेवलं ते निवृत्त होईपर्यंत बदललं नाही.

सर्व्हर पडतो म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. घाबरू नका, मलाही तेवढंच कळतं. आत काहीतरी असं बिघडतं की पुढे चालणंच धोक्याचं, तेव्हा तो सगळं काम जागच्या जागी सोडतो आणि पडदा निळा होतो. पण जाता जाता तो एक काम करतो. त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे जे होतं, कोण काय करत होतं, कोणी कोणाला काय सांगितलं होतं, ते सगळंच्या सगळं डिस्कवर ओतून ठेवतो. ह्याला मेमरी डंप म्हणतात. ओतायला वेळ लागतो. निळ्या पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. तेवढ्यात कोणी बटण दाबून सर्व्हर पुन्हा चालू केला, तर काम लगेच सुरू होतं, सगळे खूश होतात, आणि तो का पडला ते कधीच कळत नाही. बाईंचा तळहात असायचा तो ह्या खुशीच्या आड.

"त्याला मरू देता आणि बोलू देत नाय," त्या माझ्यावर डाफरायच्या. "कसली माणसं तुमी?"

बाई दांडीच्या. समुद्राकाठचं कोळ्यांचं गाव. घरची होडी, अंगणात बांबूंवर बोंबील. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. त्या काळात त्या गावातली मुलगी पॉलिटेक्निकला कशी गेली, हा खरं तर वेगळा लेख होईल. मी एकदा विचारलं तेव्हा "एसटीने" एवढंच उत्तर मिळालं. ठेंगण्या, रुंद, चालणं ठाम. केसांत अबोलीची वेणी असायचीच. सर्व्हरच्या खोलीत एसीमुळे हुडहुडी भरायची म्हणून ऐन मे महिन्यात साडीवर भावाचा जुना लोकरी स्वेटर चढवायच्या, तपकिरी, कोपरावर रफू केलेला. बाहेर माणसं घामाने निथळतायत आणि आत बाई स्वेटर आणि अबोली घालून बसल्यात, हे दृश्य नव्या माणसाला पचायला वेळ लागे.

कारखान्याच्या साहेबांशी त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. "साहेब, कृपया थोडा अवधी द्यावा." वळून सर्व्हरकडे पाहिलं की लगेच दांडी. "काय झाला रं तुला?" आमच्याशीही दांडीच. आपण यंत्राच्या बरोबरीला आहोत ह्याचा मला अभिमान वाटायचा.

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार. बॉयलरला, पंपाला, वजनकाट्याला, साहेबांच्या गाडीला. सर्व्हरला मात्र नाही. एका वर्षी उत्साही मंडळींनी बाई जेवायला गेल्याचं बघून रॅकला हार घातला, आणि पाकळ्या पंख्यात गेल्या. तेव्हापासून हार खोलीच्या दाराला. बाई दारालाच हळद-कुंकू लावायच्या आणि आत जाऊन सर्व्हरला सांगायच्या, "बाहेर घातलाय तुजा. आत नाय मिळणार."

डंप वाचायची त्यांची पद्धत ठरलेली होती. मोठ्या पडद्यावर ओळीच ओळी उघडायच्या, एकाखाली एक. सगळ्यात वर सर्व्हर पडायच्या क्षणी काय चाललं होतं ते, त्याच्याखाली त्याला ज्याने बोलावलं तो, त्याच्याखाली त्याच्या आधीचा. बहुतेक लोक वरची ओळ वाचतात आणि गुन्हेगार सापडला म्हणून उठतात. बाई वरची ओळ वाचायच्या आणि विचारायच्या, "त्याआदी?" मग पुढची वाचायच्या आणि परत, "त्याआदी?"

हे खूळ माणसांनाही लागू होतं. मी उशिरा पोचलो की चौकशी सुरू.

"का उशीर?"

"टायर पंक्चर झाला, बाई."

"त्याआदी?"

"हवा कमीच होती मागच्या चाकात."

"त्याआदी?"

"काल भरायची होती, राहिली."

"त्याआदी?"

शेवटी मी काल संध्याकाळी मित्रांबरोबर केळव्याला जाऊन बसलो होतो इथपर्यंत प्रकरण यायचं. ओरडायच्या नाहीत. "हां, आता कळला," म्हणायच्या आणि समाधानाने स्वेटरची बाही खाली ओढायच्या. मला तर वाटतं उशीर झाल्याचं त्यांना काहीच नव्हतं, गोष्ट अर्धवट राहिल्याचं होतं. मी एकदा फार शहाणपणाने विचारलं की तुमच्या घरची एखादी होडी कधी परत आलीच नाही, त्याचं कारण कळलं नाही, म्हणून का हे असं? माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पोट धरून हसल्या. "आमच्या सगळ्या होड्या परत आल्या रे बाबा. तू टीव्ही बघायचा बंद कर."

तर आता लहानूची गोष्ट. बाईंचं खरं माप मला ह्या गोष्टीत कळलं.

लहानू आमच्या गेटवरच्या वजनकाट्याचा माणूस. आलेला ट्रक काट्यावर चढवायचा, वजन कॉम्प्युटरवर घ्यायचं, पावती द्यायची. विक्रमगडच्या पलीकडे डोंगरात त्याची थोडी जमीन, पावसावरची. दिवाळी झाली की पूर्वी तो बायकोमुलींना घेऊन वीटभट्टीवर जायचा. मग ठेकेदाराकडून आमच्याकडे हमालीला लागला, अक्षर चांगलं म्हणून कोणीतरी काट्यावर बसवला, आणि तेव्हापासून बेटेगावला खोली घेऊन राहिला. मुली एकाच शाळेत वर्षभर जायला लागल्या त्या तेव्हापासून. तो काटा म्हणजे त्याच्यासाठी नुसती नोकरी नव्हती, हे त्याला इस्त्रीचा शर्ट घालून येताना ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

नवा सर्व्हर आला आणि काही दिवसांनी पडायला लागला. रोज नाही. मधेच, कधीही. नव्या सर्व्हरचे डंप आपोआप वाचून एका ओळीत निकाल देणारी सोय होती, आणि ती ओळ दर वेळी एकच नाव सांगायची: वजनकाट्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम. त्याच सुमारास लहानू काट्याच्या कॉम्प्युटरला मोबाईल चार्जिंगला लावताना साहेबांना दिसला होता.

झालं. दोन आणि दोन चार. लहानूने मोबाईलमधून काहीतरी घुसवलं, गाणी घुसवली, व्हायरस घुसवला; उचलली जीभ लावली टाळ्याला. ठेकेदाराने सांगून टाकलं, महिना संपला की लहानू बंद, दुसरा माणूस पाठवतो. कंपनीला ठेकेदाराचा माणूस काढायला कागदसुद्धा लागत नाही.

लहानू आमच्या खोलीच्या दारात आला. चपला बाहेर काढून उभा राहिला, आत येईना.

"बाई, मी गाणी नाय टाकली. चार्जिंगला लावला फक्त. तो पन एकदाच."

"लावायचा नव्हता," बाई म्हणाल्या.

"नाय लावायचा होता. चुकला. पन पोरींच्या परीक्षा हायत. आता गेलो तर भट्टीवरच जायला लागंल."

बाईंनी त्याला आत बोलावून बसायला खुर्ची दिली. "बस. आदी तू बोल. काय काय केलंस त्या दिवशी, शेवटून सांग." आणि तो सांगत गेला. मधे मी "अरे पण" म्हणायला तोंड उघडलं तर बाईंनी तळहात माझ्याकडे केला, बटणावर धरायच्या तसा.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, पण डंपमध्ये काट्याचंच नाव येतंय. आपणच वाचलंय."

"मढ्याजवळ जो उभा दिसला तोच मारेकरी होय?"

मला कळलं नाही हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून नव्या मुलांना तसंच्या तसं सांगतो. दांडीला बोंबील वाळत घालायला अंगणात बांबू दोरांनी आडवे बांधलेले असतात. ज्याचा त्याचा बांबू ठरलेला. समजा एका घराने आपला जास्तीचा माल गुपचूप शेजारणीच्या बांबूवर टाकला. दोर तेव्हाच तुटत नाही. ताणून धरतो. मग शेजारीण बिचारी आपल्याच बांबूवर आपले चार बोंबील टाकायला येते आणि दोर तटकन तुटतो. सगळे धावतात. कोणाच्या हातून तुटला? हिच्या! हिलाच पाहिलं सगळ्यांनी.

"सर्व्हरमधी पन प्रत्येकाची जागा ठरलेली हाय," बाई म्हणाल्या. "कोनतरी दुसऱ्याच्या जागेत घालून ठेवतो नि निघून जातो. काट्याचा प्रोग्राम आपल्या जागेवर येतो नि तोच पडतो. म्हनून त्याचं नाव."

"मग खरा कोण?"

"त्याला टाकतानाच धरायला लागंल. प्रत्येक बांबूजवळ माणूस बसवायचा."

तशी सोय असते. सर्व्हरला सांगून ठेवता येतं की प्रत्येकावर पहारा ठेव, जो आपली जागा ओलांडेल त्याला तिथल्या तिथे पकड आणि लगेच पड. त्याने सर्व्हर थोडा जड चालतो. साहेबांकडे परवानगी मागायला गेलो. साहेब वाईट माणूस नव्हे, पण त्यांच्या डोक्यावर रवाना करायच्या मालाची टांगती तलवार. "म्हणजे बाई, तुम्ही म्हणताय की सर्व्हर आणखी पडू द्यायचा?"

"एकदाच, साहेब. नीट पडू द्यायचा."

"आणि लहानू?"

"तोपर्यंत त्याला काट्यावर असू द्यावा, ही विनंती."

महिनाअखेरपर्यंत तो होताच. त्यापुढचं साहेबांनी मान्य केलं नाही.

मग सुरू झालं ते वाट बघणं. ऐकायला गंमत वाटेल, पण सगळी कंपनी देवाला म्हणत होती सर्व्हर पडू नये, आणि आम्ही तिघं, बाई, मी आणि गेटवर लहानू, म्हणत होतो पडू दे रे बाबा. बाई रोज सकाळी आल्या की रॅककडे बघून विचारायच्या, "आज?" लहानूची नजर काट्यावरून उठून सारखी आमच्या खिडकीकडे. आणि तो बेटा सर्व्हर असा गुणी झाला की विचारू नका. पाहुणे आले की द्वाड पोर शहाण्यासारखं बसतं, तसा. महिना सरत आला. लहानूने बेटेगावच्या खोलीमालकाला सांगूनही ठेवलं होतं, बहुतेक सोडायला लागेल म्हणून.

पडला तो भर दुपारी, ट्रकांची रांग थेट चहाच्या टपरीपर्यंत गेलेली असताना. बाई धावत आत गेल्या आणि तळहात बटणावर. पडदा निळा. टक्के सरकायला लागले. दारात गर्दी. साहेब स्वतः आले, घामाघूम. "बाई, बाहेर ड्रायव्हर मारामारीवर आलेत. दाबा ते बटण!"

"आदी त्याला बोलू दे."

"बाई, मी सांगतोय!"

बाई मागे वळल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या साहेबांशी दांडीच्या भाषेत बोलल्या. "नाय दाबनार. एक मानूस भट्टीवर जाईल तुमच्या घाईत."

साहेबांनी रुमालाने घाम पुसला. गर्दीच्या मागे लहानू उभा होता. पंख्यांचा आवाज तेवढा चालू. ते टक्के इतके हळू सरकत होते की माझ्यासारख्याच्या हाताला खाज सुटली, खोटं कशाला सांगू. शेवटी पूर्ण भरले, सर्व्हर स्वतःच उठला, आणि सगळे आपापल्या कामाला पळाले.

गर्दी हटल्यावर बाईंनी डंप उघडला आणि मला म्हणाल्या, "तू वाच. माझा चष्मा धुरकटलाय."

मी वाचायला लागलो. ह्या वेळी वरच्या ओळीत काट्याचं नाव नव्हतं. दुसरंच होतं. ते बघून मी थांबलो.

"वाच ना."

मी वाचलं. लाईट गेली की सर्व्हरला हळूच झोपवणारा, यूपीएसशी बोलणारा छोटा प्रोग्राम होता तो. आमच्या पट्ट्यात पावसाळ्यात लाईट डोळे मिचकावते, म्हणून जुन्या सर्व्हरवर बाईंनी तो स्वतः शोधून बसवला होता. कित्येक पावसाळे त्याने इमानाने काढले. नवा सर्व्हर आला तेव्हा मुंबईहून आलेला माणूस म्हणाला होता, मॅडम, ये पुराना है, इसमें मत डालिए. बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावला आणि जुनाच नव्या घरात आणला. "ओळखीचा मानूस हाय आपला," म्हणाल्या होत्या.

"त्याआदी?" त्यांनी विचारलं. मी खालची ओळ वाचली. "त्याआदी?" वाचली. दुसरं कोणी सापडलं नाही. बाईंनी स्वतः चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसून राहिल्या.

"काखेत कळसा," एवढंच म्हणाल्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती आणि पुढे आणखी दोन वर्षं ठेवायचं, असं साहेबांनी मुंबईच्या ऑफिसात शब्द टाकून जवळजवळ ठरवलं होतं. बाईंना ते हवं होतं. फार हवं होतं. घरी बसून मी बोंबील मोजू काय, असं त्या म्हणायच्या. हे डोक्यात ठेवूनच मी म्हटलं, "बाई, तो काढून टाकू. कोणाला कळणार नाही. सर्व्हर पडायचा थांबेल, प्रकरण मिटेल."

"नि लहानू?"

"त्याचं सांगू ना, काट्याचा काही दोष नव्हता म्हणून."

"मंग दोष कोनाचा होता?"

माझा हात माऊसकडे गेला, डंपची खिडकी बंद करायला.

"महिना संपला नि लहानू गेला, नि त्याच टायमाला सर्व्हर बरा झाला," बाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतील? बघा, त्याला काढला नि बरं झालं. जन्मभर त्याच्या माथ्यावर र्‍हाईल ते. त्याला काटा कोन देईल परत?"

"पण बाई, तुमची दोन वर्षं—"

त्या माझ्याकडे वळल्या. राग नव्हता. "एवढी वर्सं सगळ्यांना सांगते ना, आदी त्याला बोलू दे? आता बोलला तो. माझं नाव घेतला म्हनून बटन दाबू?"

मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. आपण अशा वेळी पाण्याची बाटली पुढे करतो, तशी मी केली.

स्वेटर काढून, वेणी नीट करून त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मला आणि लहानूला बरोबर घेतलं. पुस्तकी मराठीत सगळं सांगितलं. कोणाचा प्रोग्राम, कोणी आणला, कोणी मना केलं होतं, कोणी ऐकलं नाही. "सदर चूक माझी आहे. काट्यावरील कर्मचाऱ्याचा ह्यात काहीही संबंध नाही. हे ठेकेदारासही कळवावे." साहेब डोकं धरून बसले. "बाई, कशाला सांगितलंत? आता मला हे वर कळवावं लागणार."

"कळवावे, साहेब."

लहानूला सगळी पुस्तकी वाक्यं कळली असतील असं नाही, पण कोणाचं ओझं कोणी उचललं हे त्याला बरोब्बर कळलं. बाहेर आल्यावर तो वाकायला गेला तर बाईंनी त्याला दंडाला धरून उभा केला. "मोबाईल लावू नको परत. तो तुजाच गाढवपना होता."

लहानू काट्यावर राहिला. बाईंची दोन वर्षं वरून आली नाहीत. कोणी तसं स्पष्ट म्हणालं नाही, नुसतं उत्तरच आलं नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, समोसे झाले. बाईंनी स्वेटर मला दिला. "तुला होनार नाय, पन ठेव." होत नाहीच. खुर्चीच्या पाठीवर असतो.

नंतर दोन-तीनदा दांडीला गेलो. अंगणात बसून बोंबील उलटत असायच्या आणि खरंच मोजत असायच्या. मला बघून पहिला प्रश्न, "पडला काय?" नाही म्हटलं की थोड्या हिरमुसायच्या.

ह्या उन्हाळ्यात एका दुपारी लहानूचा फोन आला. "साहेब, बाई गेल्या." त्याला कसं कळलं? दांडीचा एक टेम्पो काट्यावर आला होता. आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर निघालो.

पोचलो तेव्हा अंगण बायाबाप्यांनी भरलं होतं. बाई अंगणातच, बांबूंजवळ कोसळल्या होत्या. आणि तिथे, तुम्हीही अशा घरी गेला असाल तर पाहिलं असेल, कारणाचा शोध सुरू झाला होता. हळू आवाजात, पण ऐकू जाईल असा. बाईंच्या भाच्याची बायको दाराशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तेवढीच घरात होती त्या वेळी.

"एवढ्या उन्हाची म्हातारीला कशाला पाठवायची बोंबील उलटायला?"

"हिला काय झालंय? हिचे हात मोडलेत?"

भाचा खाली बघत होता. तिच्या बाजूने तोही काही बोलत नव्हता, आणि ती पोर अशी बसली होती की आता ह्या घरात आपल्याला कधी मान वर करता येणार नाही. मला काय करावं सुचेना. मी पुढे झालो आणि म्हणणार होतो, झालं ते झालं, आता बोलून काय उपयोग. माझं ते रीस्टार्टचं बटण. कुठेही चालतं.

लहानूने माझ्यापुढे तळहात धरला.

मग तो त्या बायांकडे वळला. परक्या गावात, परक्या अंगणात, इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस. "थांबा," तो म्हणाला. "आदी तिला बोलू द्या."

कोण कुठला, म्हणून सगळे बघायला लागले. तेवढ्यात तो तिच्यासमोर जमिनीवर बसला होता.

"ताई, शेवटून सांगा. बाई पडल्या. त्याआदी?"

तिने मान वर केली. "बोंबील उलटत होत्या आत्या. मी ओरडली, नका म्हनून."

"त्याआदी?"

"ओट्यावर बसवली होती मी. पानी दिला. छाती जड लागते म्हनाल्या, तवाच रिक्षाला फोन केला मी. तारापूरच्या डॉक्टरकडं न्यायला. रिक्षा यायचीच होती." ती भाच्याकडे बघत होती. "म्हनाल्या, रिक्षा येईतो बसून काय करू? एक बांबू उलटते. मी साडी बदलायला आत गेली, त्यांच्याबरोबर जायला."

भाच्याने तोंडावर हात घेतला. एक म्हातारी उठली आणि तिच्या पाठीशी जाऊन बसली.

"त्याआदी?" लहानूने विचारलं, पण आता अगदी हळू. आता विचारायची गरज नव्हती, आणि तरी सगळ्यांना ऐकायचं होतं.

"त्याआदी चहा घेतला. साखर कमी झाली म्हनून मला बोलल्या." ती रडता रडता हसली. "त्याआदी अबोली काढली झाडाची. माझ्यासाठी पन काढली."

ती सांगत गेली, सकाळपर्यंत मागे मागे. आम्ही कोणी मधे बोललो नाही.